जागच्या जागी

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरातले डबे वाजू लागतात. मांडणीवरून ते एकेक करून खाली उतरतात, रिकामे होतात, चिंचेने आणि राखेने – राख आता कुठली म्हणा, पावडरीने – घासले जातात, गच्चीत ऊन खातात आणि पुन्हा वर चढून बसतात. गेली सदतीस वर्षे मी हा सोहळा पाहत आले आहे, आणि या सदतीस वर्षांत त्यातले शेवटचे काम माझ्या वाट्याला कधी आले नाही. डबे मी उतरवायचे, मी घासायचे, मी पुसायचे. वर मात्र सासूबाईंनी चढवायचे. त्या पाटावर उभ्या राहून हात पुढे करतात, मी डबा देते आणि त्या ठेवतात. एखादा मीच ठेवलाच, तर त्या तो बोटभर सरकवतात आणि म्हणतात, "जागच्या जागी ठेवावं गं."

मी बँकेत नोकरी केली. लोकांच्या रुपया-पैशाचे हिशेब चोख ठेवले. पण हे 'जागच्या जागी' किती वेळा ऐकले त्याचा हिशेब मात्र ठेवला नाही. ठेवला असता, तर त्याचे व्याजच इतके झाले असते, की नवे स्वयंपाकघर त्यातून सहज उभे राहिले असते!

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तेव्हा मनात पहिला विचार आला तो नव्या स्वयंपाकघराचाच. नोकरीच्या दिवसांत मी या खोलीत पाहुण्यासारखी वावरले. सकाळी सातला पोळ्या लाटायच्या, डबा भरायचा आणि पळायचे. संध्याकाळी येऊन भाजी फोडणीला टाकायची. खोली सासूबाईंची होती. तिथला वास त्यांचा, तिथली शिस्त त्यांची, आणि तिथला ओटा तर शब्दशः त्यांच्या मापाचा. त्याची हकिगत सांगितल्याशिवाय पुढचे काही समजायचे नाही.

आमचे स्वयंपाकघर दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. ते 1965 सालचे. त्याआधी या घराची चूल नदीकाठच्या एका पेठेतल्या वाड्यात पेटत होती. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात जे पाणी शिरले, त्यात तो वाडा बसला. सासूबाईंचे तेव्हा लग्न होऊन सहा महिने झाले होते, वय वीस. पाणी ओसरल्यावर चिखलातून जी भांडी निघाली त्यांत एक पितळी डबा होता. कशावर तरी आपटून त्याला कुशीला चांगला अंगठ्याएवढा पोचा आला होता. तो कुणी काढून आणला नाही. पुढे नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोलीत, अशी चार वर्षे काढून ही मंडळी पर्वतीच्या पायथ्याशी, पूरग्रस्तांच्या एका सोसायटीतल्या ब्लॉकमध्ये राहायला आली, तेव्हा तो डबाही पोच्यासकट आला आणि तुरीची डाळ पोटात घेऊन मांडणीवर बसला.

वाड्यातला सारा स्वयंपाक बसून व्हायचा. चुलीपुढे पाट, हाताशी फुंकणी, मागे फडताळ. बसून काम करण्यात एक मोठी समता आहे. पाटावर बसले की उंच बाई आणि ठेंगणी बाई यांत फारसा फरक उरत नाही. उभ्याचा ओटा आला आणि स्वयंपाकघरात पहिल्यांदा उंचीचा प्रश्न आला. ब्लॉकचे काम चालू असताना गवंड्याने विचारले, "वहिनी, ओटा किती उंच घ्यायचा?" असा प्रश्न सासूबाईंना त्याआधी कुणी विचारलेला नव्हता. लुगडी, चपला, पाट, घागर, सगळे जे आले ते आले तसे वापरायचे. त्या क्षणभर गोंधळल्या. मग भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, कणीक मळावी तसे हात पुढे केले आणि म्हणाल्या, "इथवर." गवंड्याने विटेच्या तुकड्याने भिंतीवर रेघ मारली. टेप लावून पाहिला तर बरोबर तीस इंच. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. काम करायचा ओटा कोपराच्या खाली चार ते सहा इंच असावा, असा आता जाणत्यांचा संकेत आहे. सासूबाईंनी तो कोणतेही पुस्तक न वाचता त्या दिवशी पाळला. वर काळा कडप्पा बसला, मागे पांढऱ्या चौकोनी टाइल्सच्या तीन ओळी लागल्या, आणि त्यावर रॉकेलचा स्टोव्ह फुरफुरू लागला. माझ्या आजेसासूबाई मात्र शेवटपर्यंत त्या ओट्यापाशी गेल्या नाहीत. "उभ्यानं रांधायचं म्हणजे वाट पाहत असल्यासारखं वाटतं," असे म्हणून त्या कोपऱ्यात शेगडी घेऊन बसत.

1988 साली मी या घरात आले, ती पाच फूट चार इंच उंचीची. तीस इंचांचा ओटा आणि माझी कोपरे यांत दहा इंचांचे अंतर. मी वाकले. गॅसपाशी तेवढे जाणवत नाही, कारण शेगडीची स्वतःची उंची असते आणि तिच्यावर पातेल्याची. पण पोळ्या लाटताना, चिरताना वाकावे लागते, आणि सगळ्यात जास्त सिंकपाशी. ओटा तीस इंचांवर असला तरी सिंकचा तळ आणखी आठ इंच खाली. भांडी घासणारीचे हात त्या तळाशी असतात, काठाशी नसतात, ही साधी गोष्ट ओटा बांधणाऱ्या कुणाच्या ध्यानात येत नाही. माझ्या पाठीच्या दुखण्याला डॉक्टरांनी एक लांबलचक नाव दिले होते. माझ्या मनात त्याचे नाव 'सासूबाईंचा ओटा' असे होते.

तेव्हा गेल्या दिवाळीच्या आधी महिनाभर, आमच्याकडे एक कॉन्ट्रॅक्टर आला. तरुण, हसतमुख; मला काकू म्हणत होता आणि सासूबाईंना आजी. बेंगळुरूला असलेल्या मुलीने फोनवर चित्रे धाडली होतीच. त्याने त्या चित्रांना आमच्या खोलीत बसवून संगणकावर दाखविले. काय ते देखणे रूप! ओटा पांढराशुभ्र, भिंत पांढरीशुभ्र, कपाटांची दारे पांढरी आणि तीही बिनमुठीची, नुसता तळहात लावला की उघडणारी. एकही डबा दिसत नव्हता. स्वयंपाकघर आहे की दवाखाना, असे आमचे हे म्हणाले. पण त्यांचे म्हणणे मी कशाला मनावर घेते! खर्च साडेचार लाख, मुदत दीड महिना.

सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला. "ओटा फोडणार?"

"आजी, सगळंच फोडणार!" तो उत्साहाने म्हणाला.

त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या आणि गॅलरीत जाऊन बसल्या. म्हातारपणी माणसाचा जीव दगडा-विटांत अडकतो, असे मी मनाशी म्हटले.

तरीही ओटा फुटला नाही. तो सासूबाईंच्या मनासाठी वाचला, असे मला इथे लिहिता आले असते आणि ते शोभूनही दिसले असते. खरे कारण वेगळे होते. आमच्या जुन्या प्लंबरला बोलावले. त्याने भिंतीवर दोन ठिकाणी टिचकी मारली आणि सांगितले, की आतला लोखंडी पाइप साठ वर्षांचा आहे, हातोडा लागला की तो कुठे कुठे सुटेल ते सांगता येत नाही, आणि सुटला तर पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या देवघरावर गळेल. खालच्या बिऱ्हाडाशी आमचे पाण्यावरून नुकतेच कुठे मिटले होते. शिवाय दीड महिना म्हणजे दिवाळी धुळीत. मी कॉन्ट्रॅक्टरला 'नंतर बघू' असे कळवले आणि ठरविले, की फोडायचे काही नाही. पण आहे त्यातच ही खोली अशी उजळायची, की तिला आपले वय आठवू नये.

त्या पंधरा दिवसांत मी जे शिकले, ते बँकेच्या कोणत्याही परीक्षेला आले नव्हते. टाइल्स पाहिल्या तर एकही फुटलेली नव्हती. कळकट दिसत होते ते मधले सांधे. टाइल म्हातारी होत नाही, सांधा होतो – माझ्या गुडघ्यांचेही तेच आहे. जुना पांढरा सिमेंट खरवडून काढून नवा ग्राउट भरला आणि भिंत एकदम वीस वर्षांनी तरुण झाली. मात्र खरवडण्याआधी मी एक शहाणपणा केला. मोरी घासायच्या ॲसिडने सांधे उजळतात, असे कुणीसे सांगितले होते. ते लावताना चार थेंब ओट्यावर सांडले. कडप्प्यावर ते बुडबुडे सोडून फसफसले, आणि पुसले तेव्हा काळ्याभोर दगडावर चार पांढुरके डाग. कडप्पा काय, शहाबादी काय, हा सारा चुनखडीचा दगड. आम्लाशी त्याचे जन्माचे वैर. चिंच-लिंबाचा रस तासभर पडून राहिला तरी त्याची झिलई जाते. फरशी घासणाऱ्या मिस्त्रीने बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून डाग घासून काढले आणि वर जवसाचे तेल चोळायला सांगितले. खोबरेल नुसतेच चिकट राहते. जवसाचे तेल हवेने वाळते आणि दगडाला धरून बसते. तेलाचा बोळा गुंडाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटतो, असेही तो बजावून गेला. दोन हात तेल प्याल्यावर ओटा असा काळा झाला, की त्यात ट्यूबलाइटची रेघ दिसू लागली. सासूबाई येऊन त्यावरून पालथा हात फिरवून गेल्या. "नवीन होता तेव्हा असाच होता," म्हणाल्या.

ती ट्यूबलाइट हाही एक जुना अपराधी. ती समोरच्या भिंतीवर, म्हणजे ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या पाठीमागे. साठ वर्षे या घरातल्या बायका आपल्याच सावलीत भाजी चिरत आल्या. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते, आतले भिंग पिवळे पडते, आणि तोच दिवा मंद वाटू लागतो. मी मांडणीच्या सर्वांत खालच्या फळीखाली एलईडीची पट्टी बसवून घेतली. प्रकाश थेट हातांवर पडू लागला. ओट्याखालच्या सागवानी दारांच्या बिजागऱ्या बदलल्या, दारे घासून रंगविली. आत ओणवे होऊन डोके घालावे लागे, तिथे बाहेर ओढायच्या तीन जाळ्या बसविल्या. आणि ओट्याच्या उंचीसाठी सुताराकडून पाच इंच उंचीचा एक भक्कम चौरंग करून घेतला. लाटायचे, चिरायचे ते त्यावर. सिंकमध्ये लाकडी पायांची एक जाळी उपडी ठेवली. पाठीला जो आराम पडला, त्याला डॉक्टरांनी अजून नाव दिलेले नाही.

इथे मी थांबायला हवे होते. पण डबे राहिले होते.

आमच्या मांडणीवर सत्तावीस डबे होते, आणि त्यांतले दोन सारखे नव्हते. पुरातला पितळी. पिवळा, ताडाचे झाड असलेला डालड्याचा, ज्याच्या झाकणाला कडी होती; त्यात तांदळाची पिठी. चौकोनी बिस्किटांचा, त्यात बेसन. ॲल्युमिनियमचे कडीचे तीन, उंचीने उतरते. एक हॉर्लिक्सची बाटली. कुणाचे झाकण घट्ट, कुणाचे सैल, कुणाचे दुसऱ्याच डब्याचे. नव्या उजेडात हे सारे भलतेच केविलवाणे दिसू लागले. मी एकसारख्या चोवीस काचेच्या बरण्या आणल्या, निळ्या झाकणांच्या, आणि प्रत्येकीवर सुबक अक्षरांत चिठ्ठी चिकटविली. जुने डबे काही माळ्यावर गेले, काही भंगारवाल्याकडे. सासूबाई दोन दिवस भाचीकडे गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत मांडणी अशी झाली होती, की मी जाता-येता तिच्याकडे बघत राही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या मांडणीवर माझ्या हाताने काही ठेवले होते.

त्या आल्या. मांडणीपुढे उभ्या राहिल्या. "छान झालं गं," म्हणाल्या. मी वाट पाहत होते, पण 'जागच्या जागी' आले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बेसनाचे लाडू करायला घेतले. आमच्या घरी ते त्यांनीच करायचे. मंद आचेवर बेसन भाजत तासभर उभे राहणे ही त्यांची दिवाळीतली एकमेव चैन. मी बाहेर दिव्यांच्या वाती करीत बसले होते. थोड्या वेळाने तुपाचा वास आला, आणि पाठोपाठ दुसराच वास आला – धन्या-जिऱ्याचा, खमंग. मला वाटले, शेजारी चकल्यांची भाजणी भाजताहेत. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि पुढे काहीच ऐकू येईना.

आत गेले. सासूबाई कढईपुढे उलथने हातात धरून उभ्या होत्या. कढईत तुपात भिजलेली चकलीची भाजणी होती.

"हे बेसन नव्हे," त्या म्हणाल्या.

"अहो आई, चिठ्ठी लावलीय की बरणीवर!" माझ्या आवाजाला धार होती, अर्धा किलो तूप होते ते.

"असेल गं चिठ्ठी," त्या म्हणाल्या. "मला दिसत नाही ती."

मला वाटले चष्मा घातला नसेल. पण चष्मा नाकावर होता. आणि भाजणीचा रंग? पिवळे बेसन आणि तपकिरी भाजणी यांतला फरक कळायला अक्षर कुठे लागते?

मी त्यांना खुर्चीवर बसविले. हळूहळू, एखादी जुनी चोरी कबूल करावी तसे त्यांनी सांगितले. दोन वर्षे झाली. आधी वर्तमानपत्रातल्या ओळी वाकड्या दिसू लागल्या, मग मधोमध एक डाग आला, मग डाग मोठा झाला. कडेने दिसते. माणूस आले-गेलेले कळते. पण बघावे त्याच्यावरच नेमका धुरकट ठिपका बसतो.

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला ओट्यापाशी उभं राहू दिलं असतं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण खरे उत्तर 'नाही' असे होते.

नेत्रतज्ज्ञांनी तपासले. वयामुळे दृष्टिपटलाचा मधला भाग झिजण्याचा हा आजार. त्यांचा कोरड्या प्रकारचा. गेलेले परत येत नाही. त्यांनी तपासणीच्या खोलीत सासूबाईंना विचारले, "आजी, समोर माझा चेहरा दिसतो का?" त्या म्हणाल्या, "आवाज चांगला आहे तुमचा." मी शेजारच्या खुर्चीवर बसले होते. म्हणजे दोन वर्षे त्यांनी माझाही चेहरा नीट पाहिला नव्हता. या दोन वर्षांत मी ओट्यापाशी त्यांच्यासमोर जेवढे तोंड वाकडे केले, ते सगळे फुकट गेले होते. घरी येताना रिक्षात मला हसूही आले आणि दुसरेही काही आले.

एकदा कळल्यावर मागचे सगळे उलगडू लागले. वर्तमानपत्र बंद झाले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "त्यात वाचण्यासारखं असतं काय?" मालिका बघायच्या सोडून त्या नुसत्या ऐकत. आणि तांदूळ! गेले वर्षभर त्या तांदूळ ताटात न घेता थेट ओट्यावर पसरून निवडत होत्या. ओटा खराब होतो म्हणून मी दोनदा कुरकुरले होते. "स्टीलच्या ताटात तांदूळ दिसत नाहीत," असे त्या बोलल्याही होत्या. मी ते म्हाताऱ्या माणसाचे खूळ समजले. काळ्या कडप्प्यावर पांढरा तांदूळ त्यांना दिसत होता. डॉक्टरांनी नंतर जे दोन शब्दांत सांगितले – भरपूर उजेड आणि गडद-फिकटाचा भेद – ते त्यांनी आधीच शोधून काढले होते.

मला तो संगणकावरचा पांढरा ओटा आठवला. पांढऱ्यावर पांढरा लसूण, पांढऱ्यावर पांढरी बशी, पांढऱ्या भिंतीत पांढरी दारे आणि त्यांना मूठही नाही. साडेचार लाख रुपये खर्चून मी त्यांच्या डोळ्यांत जे काय उरले होते त्यावर चुना फासला असता. आणि तो वाचला कशामुळे, तर खालच्या बिऱ्हाडाच्या देवघरामुळे.

मग दिवाळीच्या आधीच्या आठ दिवसांत आम्ही स्वयंपाकघर दुसऱ्यांदा उजळले. हे भंगारवाल्याकडे गेले. पाच डब्यांतले दोन मिळाले. दिले होते त्याच्या तिप्पट पैसे मोजून. डालड्याचा पिवळा डबा तोवर पुढे गेला होता. पितळी डबा माळ्यावरून उतरला. मी डबे पुसून एकेक हातात देत गेले आणि सासूबाई ठेवत गेल्या. प्रत्येक डबा ठेवण्याआधी त्या त्याच्यावरून अंगठा फिरवीत, आणि पितळी डब्याचा पोचा अंगठ्याखाली आला तशा म्हणाल्या, "ही तूर." जे डबे गेले होते त्यांच्या जागी माझ्या बरण्या आल्या, पण चिठ्ठ्या काढून. एक रबरबँड असेल ती तांदळाची पिठी, दोन असतील तो रवा, तीन असतील तो मैदा. बेसनाला लोकरीचा गोंडा. भाजणीच्या बरणीला त्यांनी काहीच लावू दिले नाही. "तिचा वास येतो," म्हणाल्या, "परवा आला नाही तो तुझ्या घट्ट झाकणामुळं."

गॅसच्या बटणांवर, 'बंद'च्या जागी, नखांना लावायच्या लाल रंगाचे थरावर थर देऊन मी टेंगूळ केले, बोटाला लागते. ओट्याच्या पुढच्या काठाला पिवळी पट्टी चिकटविली, म्हणजे ओटा कुठे संपतो ते कळते. विळी कपाटात गेली; त्यावर थोडा वाद झाला आणि तो मी जिंकले. दोन फळ्या आल्या: कोथिंबीर-मिरचीसाठी पांढरी, कांदा-लसणासाठी काळपट लाकडाची. चहा पांढऱ्या कपात आणि दूध गडद पेल्यात, म्हणजे ओतताना कुठवर आले ते दिसते. रंगविलेल्या दारांना मोठ्या काळ्या मुठी लावल्या. त्या काही फार सुंदर दिसत नाहीत.

ओटा तीस इंचांवरच आहे. माझा चौरंग डाव्या टोकाला, त्यांची जागा उजवीकडे गॅसपाशी, जिथे कणीक मळता मळता हात पुढे केले की ते बरोबर दगडावर येतात. सगळा खर्च, तेल-पॉलिशपासून भंगारवाल्यापर्यंत, अठरा हजार चारशे साठ रुपये. तूप वेगळे. मुलीला फोनवरून खोली फिरून दाखविली, तर ती म्हणाली, "आई, काहीच बदललं नाहीस की! तेच डबे, तोच काळा ओटा." शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या, त्यांनाही फक्त मुठी दिसल्या.

नरकचतुर्दशीला पहाटे चारला जाग आली. स्वयंपाकघरातून झाकणाचा आवाज येत होता. जाऊन पाहते तो खोलीत मिट्ट काळोख, गॅसची निळी ज्योत तेवढी दिसत होती, आणि तिच्यापुढे सासूबाई चहाला आधण ठेवून उभ्या.

"अहो, दिवा तरी लावायचा!" असे म्हणत मी फळीखालची पट्टी लावली.

"तांदूळ निवडायचे असतील तेव्हा लावीन," त्या म्हणाल्या. "चहाला कशाला? मालव. अजून उजाडायचंय, बाकीची जागी होतील."

मी दिवा मालवला. मग काय मनात आले कोण जाणे, ओट्याच्या काठाला बोट लावून त्या काळोखात साखरेच्या डब्यापर्यंत जाऊन पाहू लागले. दोन पावले ठीक गेली. तिसऱ्या पावलाला माझे कोपर दुधाच्या पातेल्यावर आपटले.

"बोटभर डावीकडे," सासूबाई म्हणाल्या.